जिप्सीला मोठे मड टायर टाकायचेत? आधी जागा करा, मग टायर आणा

मे महिना संपत आला की मारुती जिप्सीवाल्यांचे फोन सुरू होतात, दादा कुठले मड टायर (चिखलासाठीचे मोठ्या ठोकळ्यांचे टायर) टाकू, ३१ इंची बसतील का, लिफ्ट करावीच लागेल का, म्हणजे गाडी एक्सलवरून उंच करावी लागेल का, आणि प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा बसून सगळं नीट लिहून काढावं. माझी गाडी २००६ ची जिप्सी किंग, १३०० सीसी पेट्रोल, कापडी टपाची, सेकंड हँड घेतलेली. गाव वेल्ह्याकडे, म्हणजे जून ते सप्टेंबर घरापर्यंतचा शेवटचा दीड किलोमीटर भाताच्या खाचरांच्या कडेने जाणारी लाल चिखलाची वाट. हौस तर आहेच पण गरज पण तेवढीच आहे. ह्याच गाडीवर आजवर तीन साइजचे टायर वापरून झालेत, त्यामुळे जे लिहितोय ते गाडीखाली झोपून शिकलेलं आहे.

साइजचं आधीच सांगून टाकतो. रोज रस्त्यावर पण चालवायची आणि चिखलात पण घालायची अशी जिप्सी असेल तर २३५/७५ आर १५ घ्या (रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, रिम १५ इंची) आणि तिथेच थांबा. ३१ X १०.५ (३१ इंच उंच, साडेदहा इंच रुंद) दिसायला भारी दिसतात, गाडी एकदम रांगडी वाटते हे मान्य, पण त्या साइजसोबत जे काम मागे लागतं ते बहुतेक लोक अर्धवट सोडतात आणि मग गाडी ना रस्त्याची राहते ना चिखलाची.

मोठा टायर नक्की कशासाठी हे एकदा समजून घ्या. लिफ्ट केली की गाडीची बॉडी वर जाते, पण एक्सल आणि त्याच्यावरचा डिफचा (डिफरन्शियलचा, चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा जिथे होता तिथेच राहतो, आणि चिखलात नांगरासारखा अडकतो तो हा गोळाच. त्याला जमिनीपासून वर उचलणारी एकच गोष्ट, टायरची उंची. जिप्सी किंगचा कंपनीचा टायर २०५/७० आर १५, त्याचा व्यास होतो साधारण ६६८ मिलिमीटर. २३५/७५ चा होतो ७३३ च्या आसपास. फरक ६५, त्याचा अर्धा म्हणजे ३२-३३ मिलिमीटर डिफ वर. ऐकायला सव्वा इंच एवढंसं वाटतं पण बैलगाडीच्या चाकोरीत मधला उंचवटा असतो ना, त्याला गोळा घासतोय की वरून निघून जातोय हे त्या सव्वा इंचावरच ठरतं. हिशोब ज्याला स्वतः करायचा असेल त्याने रुंदीला दुसऱ्या आकड्याच्या टक्क्यांनी गुणायचं, दुप्पट करायची, आणि १५ इंची रिमचे ३८१ मिलिमीटर मिळवायचे, झालं.

आता रुंदी. इथे बरेच जण चुकतात, त्यांना वाटतं रुंद टायर म्हणजे जास्त पकड. आपल्याकडचं बैलगाडीचं जुनं चाक आठवा, उंच आणि अरुंद, लोखंडी धाव चढवलेलं. आपल्या मावळातल्या, कोकणातल्या खाचराला वर वीतभर रेंदा असतो आणि खाली वर्षानुवर्षं चिखलणी करून घट्ट झालेला थर असतो, अरुंद उंच चाक तो रेंदा कापत खाली जातं आणि कडक थरावर उभं राहतं. रुंद टायर वरच तरंगत राहतो आणि फिरत बसतो. वाळूत उलटं आहे, तिथे रुंद आणि कमी हवेचा टायर बरा. आणि विदर्भ मराठवाड्यातल्या काळ्या मातीबद्दल खरं सांगतो, तिथे पाऊस झाल्यावर कुठलाही टायर चार वळशात मातीचा गोळा होतो, मड टायरच्या रुंद खाचांमधून माती थोडी फेकली जाते एवढंच, तिथे सगळ्यात चांगला उपाय म्हणजे वापसा येईपर्यंत गाडी शेतात न घालणं.

कायद्याचं पण बोलून घेऊ, कारण हे कोणी सांगत नाही आणि नंतर पोरं अडचणीत येतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल गाडीत परस्पर करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण हेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ ए मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आलीय. म्हणजे साइज बदलायच्या आधी आरटीओमध्ये विचारा, इन्शुरन्सवाल्याला लेखी कळवा, टायर बॉडीच्या बाहेर येऊ देऊ नका, आणि जुने टायर-रिम विकून टाकू नका, पासिंगला लागतात. गोव्यात २०१४ ला पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही चिखलातली गाड्यांची स्पर्धा सुरू झाली, तिथल्या जिप्सी बघून डोकं फिरतं हे मला माहितीय, माझंही फिरलं होतं, पण त्या स्पर्धेच्या गाड्या आहेत, मुलांना शाळेत सोडायच्या नाहीत.

बरं, आता काम. पहिली गोष्ट टायरच्या दुकानात जायचं नाही. आधी गाडी जॅकवर घ्यायची. पुढचा एक्सल जॅकने उचला, खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच खाली जाऊ नका, आणि चाक घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून जोरात आत बाहेर हलवा. खटखट वाजलं तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिनचं (चाक ज्या खिळीवर वळतं तिचं) बेअरिंग गेलंय. मग ३ आणि ९ च्या जागी धरून हलवा, तिथे वाजलं तर टाय रॉड एंड, म्हणजे दोन्ही चाकं जोडणाऱ्या स्टिअरिंगच्या दांड्याची टोकं. दुसऱ्या कोणाला तरी खाली बसवून नक्की कुठे हलतंय ते बघायला सांगा, एकट्याने कळत नाही. जिप्सीला ५५-६० च्या स्पीडला स्टिअरिंग थरथरायचा जो रोग आहे, अख्खी गाडी नाचायला लागते तो, त्याचं मूळ बहुतेक वेळा ह्या किंगपिनच्या बेअरिंगमध्ये आणि झिजलेल्या एंडमध्ये असतं. बारक्या टायरला तो रोग झाकला जातो, मोठा जड टायर लावला की उघडा पडतो. मग लोक स्टिअरिंग डँपर लावतात, त्याने थरथर दबते पण झीज चालूच राहते. आधी बेअरिंग, एंड, शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला लटकवणाऱ्या पट्टीचे) बुश, नकलवरचं (चाक वळतं त्या सांध्यावरचं) ऑइल सील हे सगळं करून घ्या, तेवढ्या पैशात टायर आला असता असं वाटेल पण करा.

ब्रेक पण त्याच दिवशी बघा. मोठा टायर म्हणजे लांब दांडा, थांबवायला जास्त जोर लागतो, वर वजन पण वाढलेलं. मी आमच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर दोन्ही टायर ठेवून बघितले होते, एका टायरमागे पाच-सहा किलोचा फरक सहज भरला. पुढचे पॅड नवे, मागच्या ड्रममधले लायनर साफ करून ॲडजस्ट, ब्रेक ऑइल बदललेलं, एवढं झालंच पाहिजे.

मग जागा. कंपनीच्या मूळ उंचीच्या जिप्सीत २३५/७५ लावला तर गाडी सपाट जमिनीवर उभी असताना बसतो, त्यामुळे टायरवाला म्हणतो बसला की साहेब. पण एक चाक खड्ड्यात, एक बांधावर आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं अशा वेळी तो तीन ठिकाणी लागतो, पुढे बंपरच्या कोपऱ्याला, मागे मडगार्डच्या खालच्या टोकाला जिथे बॉडीचा पत्रा दुमडलेला आहे, आणि आत पाट्यांना, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांना. म्हणून थोडी लिफ्ट लागते, दीड ते दोन इंच, जास्त नाही.

लिफ्टचे मार्ग तीन. लांब शॅकल हा सगळ्यात स्वस्त, पण शॅकल दोन इंच लांब केली तर गाडी एकच इंच उचलते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. आणि जिप्सीत पुढच्या पाट्यांची शॅकल पुढच्या बाजूला असल्यामुळे लांब शॅकलने एक्सल पुढे झुकतो, कास्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, स्टिअरिंग वळवल्यावर आपोआप सरळ यायचं बंद होतं आणि हायवेवर गाडी इकडे तिकडे भटकते. एक्सल आणि पाट्याच्या मधे पाचरीसारखी तिरकी प्लेट घालून ते सुधारता येतं, पण मुळात पुढे लांब शॅकल टाळलेली बरी. दुसरा मार्ग पाटेवाल्याकडे जाऊन जुन्या पाट्यांना कमान द्यायची किंवा एक पान वाढवायचं. पान वाढवलं की गाडी ट्रकसारखी आपटते, नुसती कमान दिली तर काही महिन्यांत परत बसते. तिसरा, लिफ्टसाठीच बनवलेले पाट्यांचे सेट आणि त्यांच्या मापाचे शॉकअप. खर्च होतो पण मी शेवटी तेच केलं आणि पहिल्यांदाच केलं असतं तर दोनदाची मजुरी वाचली असती. पाटे एक्सलच्या वर नेऊन बसवायचा जो प्रकार आहे त्याने गाडी पाचेक इंच उचलते, पण मग स्टिअरिंगची लिंक, प्रॉपेलर शाफ्टचा कोन, ब्रेकचे पाइप सगळंच बदलावं लागतं, तो वेगळा विषय आहे, आपल्या साइजला गरज नाही.

लिफ्ट झाली की लगेच एक गोष्ट बघायची, गाडी चासीवरून उचलून चारही चाकं पूर्ण लोंबकळू द्या आणि ब्रेकचा होस पाइप ताणला जातोय का बघा. शॉकअप पण पूर्ण ताणून अडकलेला नको, तो अडकला तर उडीला त्याचे मुंडे तुटतात.

रिमचं बोलू. कंपनीची पत्र्याची रिम साडेपाच इंची आहे आणि २३५/७५ ला किमान ६ इंची लागते, ६ ते ८ ही त्या टायरची मान्य रुंदी. अरुंद रिमवर दाबून बसवून देणारे आहेत, पण टायर मधे फुगतो, मधलीच नक्षी झिजते आणि हवा कमी केली की बसक्या बाजूने रिम सोडायची भीती. १५ X ६.५ किंवा १५ X ७ घ्या, पत्र्याची, कारण पत्र्याची रिम वाकली तर हातोड्याने सरळ होते, अलॉय तडकते. जिप्सीचा पीसीडी (नटांच्या होलांच्या वर्तुळाचा व्यास) पाच होल १३९.७ मिलिमीटर, जुन्या जीपचा पण हाच, म्हणून जुन्या बाजारात रिम भरपूर मिळतात, पण मधलं होल हबवर नीट बसतंय का आणि नटचा कोन जुळतोय का ते बघूनच पैसे द्या. नटचे आटे सुझुकीचे १२ X १.२५ आहेत, दुसऱ्या गाडीचा नट पहिले दोन वळसे जातो आणि मग अडतो, तिथे टॉमी लावून रेटलं की स्टड गेला. ऑफसेट म्हणजे रिम आत किती आणि बाहेर किती बसते ते. टायर बाहेर काढला की आत पाट्याला घासत नाही हे खरं, पण मडगार्डच्या बाहेर चिखल उडतो, बेअरिंगवर जोर येतो आणि वळताना टायर मोठा गोल काढतो म्हणून बंपरला जास्त लागतो. शक्य तेवढं आत, पाट्यापासून एक बोट मोकळं राहील इतपत. स्पेसर घालून काम भागवू नका, निदान ओतीव स्वस्तातले तरी नाहीच.

आता माझ्या हातून झालेली चूक, कारण ह्या सगळ्या लिखाणाचं कारण तीच आहे. सुरुवातीला मी एका मित्राकडचे ३१ इंची आणले होते, बिनलिफ्टचे लावून थोडं मडगार्ड कापलं आणि गॅरेजवाल्याने स्टिअरिंग जागेवर फिरवून दाखवलं, कुठे लागत नाही म्हणाला, मी पण मान डोलावली. ऑगस्टमध्ये ताम्हिणीतून उतरताना ब्रेक पेडल थोडं मऊ लागलं, दुसऱ्यांदा दाबलं तर अजून खाली गेलं. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून कडेला घेतली, हँडब्रेकवर थांबवली, आणि खाली वाकून बघितलं तर पुढच्या डाव्या चाकाच्या होस पाइपवर टायरच्या खांद्याच्या ठोकळ्याने घासून घासून वरचं काळं रबर उडालेलं, आतलं विणकाम उघडं, आणि त्यातून ब्रेक ऑइल थेंब थेंब रिमवर. शेजारी बायको, मागे दोन भाच्या. जागेवर स्टिअरिंग फिरवलं तेव्हा लागत नव्हता कारण तेव्हा पाटे दबलेले नव्हते. त्या दिवसापासून मी जागेवर फिरवून बघितलेल्या तपासणीवर विश्वास ठेवत नाही.

त्यासाठी गेरूची पद्धत. टायर बसवले की पुढच्या दोन्ही टायरच्या खांद्यावर, आतून आणि बाहेरून, ओला गेरू जाडसर फासायचा, घराच्या भिंतीला लावतो तोच, नाहीतर चुना. मग गाडी शेताच्या बांधावर तिरकी घ्यायची, पुढचं डावं चाक बांधावर चढवायचं आणि मागचं उजवं पण काहीतरी उंचावर, म्हणजे गाडी पिळली जाते. गाडीत तीन-चार जण बसवा, वजन पाहिजे. आता सावकाश स्टिअरिंग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, थोडं पुढे, थोडं मागे. मग बाजू बदलून परत. खाली उतरून टॉर्च मारा, जिथे जिथे लाल डाग दिसेल तिथे टायर लागतोय. मला पहिल्या वेळी डावीकडे पाच डाग मिळाले, त्यातला एक स्टिअरिंग लिंकवर, जो डोळ्यांनी बघून मला जन्मात कळला नसता. होस पाइपचा कंस थोडा वाकवून किंवा पाइपची वाट बदलून त्याला टायरपासून किमान दोन बोटं लांब ठेवा. आणि लक्षात घ्या, हे कोरड्यातलं माप आहे, चिखलात टायर आणि मडगार्डच्या मधे दगड-माती भरते, तिथे मोकळी जागा नसेल तर लागत नसलेला टायर पण जाम होतो. म्हणून घासत नाही एवढं पुरेसं नाही, चारी बाजूने बोटभर जास्त पाहिजे.

कापाकापी करायचीच झाली तर आधी हातोडा. मडगार्डच्या मागच्या टोकाला पत्र्याची जी दुमड आहे ती आत ठोकून चपटी केली तरी बरंच काम होतं. त्याने नाही भागलं तर मास्किंग टेप लावून, पेनाने रेघ मारून मग ग्राइंडर, आणि एका वेळी कमीच काप, परत गेरू, परत तपास. कापलेल्या कडेला कानस मारा, झिंक प्रायमर, दोन हात रंग, वर रबराची पट्टी. कोकणातल्या खाऱ्या हवेत उघडी राहिलेली कड एका पावसाळ्यात पोखरते, आणि जिप्सीचा पत्रा आधीच किती नाजूक असतो ते जिप्सीवाल्यांना सांगायला नको. पुढच्या बंपरची टोकं कापून ट्यूबच्या टोप्या बसवल्या की काम छान दिसतं. शेवटचा डाग तरी जात नसेल तर नकलवर स्टिअरिंग अडवणारा बोल्ट असतो तो अर्धा-एक वळसा बाहेर काढा, गाडी जरा मोठा यू टर्न घेईल पण टायर वाचेल. पाटा पूर्ण दबल्यावर लागत असेल तर बंप स्टॉपच्या (एक्सल वर आदळू नये म्हणून चासीला असलेल्या रबराच्या) वर ठोकळा देऊन तो खाली आणा.

टायर घेताना पाच घ्या. चार घेऊन स्टेपनी जुनीच ठेवणारे खूप आहेत, आणि जिप्सीला मधे डिफ नाही, फोर बाय फोर टाकलं की पुढचा मागचा एक्सल एकत्र बांधला जातो, तिथे एक चाक ६५ मिलिमीटरने लहान असेल तर ट्रान्सफर केसची (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअर पेटीची) वाट लागते. मागच्या दरवाजाला पण जड स्टेपनीने बिजागऱ्या खाली बसतात, दरवाजा उचलून लावावा लागतो, तिथे आतून पट्टी देऊन घ्या. नाव कुठलं घ्यायचं म्हणाल तर मॅक्सिस बिगहॉर्न, योकोहामा जिओलँडर एम/टी, बीएफगुडरिचचे मड टेरेन ही नावं आपल्याकडच्या लोकांच्या गाड्यांवर बघाल, जे ताजं आणि पाचच्या पाच एका तारखेचं मिळेल ते घ्या. साइडवॉलवर चार आकडी नंबर असतो, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानात एसीत पडून राहिला असला तरी सहा वर्षं जुना टायर घेऊ नका. नक्षीवर फिरायच्या दिशेचा बाण असेल तर बसवताना बाण पुढे फिरणारा पाहिजे, टायरवाल्याचं पोरगं घाईत असतं, तुम्ही उभं राहून बघा. रिमची कड तारेच्या ब्रशने गंज काढून साफ केल्याशिवाय ट्यूबलेस बसवू देऊ नका नाहीतर रोज सकाळी हवा कमी. बॅलन्सिंग पाचही चाकांचं, मड टायरला वजनं जास्त लागतात, घाबरू नका. अलाइनमेंटमध्ये सरळ एक्सल असल्यामुळे फक्त टो इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असणं) जुळवायचा असतो, तो टाय रॉडवर होतो.

हवेचं गणित वेगळं आहे. हे टायर मोठ्या पिकअपसाठी बनवलेले, एकेक टायर आठशे-नऊशे किलो उचलणारा, आणि आपली जिप्सी अख्खी जेमतेम टनभर. पेट्रोल पंपावर सवयीने ३२-३५ पीएसआय हवा भरली तर गाडी दगडावर चालल्यासारखी उडते आणि मधलीच नक्षी रस्त्याला टेकते. खडू घ्या, टायरच्या नक्षीवर ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी जाड रेघ मारा, डांबरी सरळ रस्त्यावर शंभर-दोनशे मीटर जाऊन या आणि बघा. मधला खडू गेला आणि कडेचा राहिला तर हवा जास्त, उलटं असेल तर कमी. दोन-दोन पीएसआय बदलत रेघ सारखी पुसली जाईपर्यंत करा, माझ्या गाडीला ते २४ ला जुळलं, मागे सामान असेल तेव्हा २६. चिखलात उतरताना १४-१५, अगदी अडकलो तर १२, त्याच्या खाली साध्या रिमवर जात नाही कारण वळताना टायर रिम सोडतो. पण परत हवा भरायचा १२ व्होल्टचा पंप सोबत नसेल तर हवा काढूच नका, १४ पीएसआयवर डांबरीवर ६० ने गेलात तर टायर आतून भाजतो.

इंजिनावर काय होतं ते पण ऐका. टायर जवळपास दहा टक्के उंच झाला म्हणजे सगळे गिअर दहा टक्के लांब झाले. ८० हॉर्सपॉवरची गाडी, घाटात जिथे तिसऱ्यात चढायची तिथे दुसरा लागतो, पाचवा फक्त सपाट हायवेला. मायलेज पण पडतं. पण मायलेज काढताना एक चूक सगळे करतात, मीटर पण दहा टक्के कमी दाखवतो हे विसरतात. मीटरवर ६० म्हणजे प्रत्यक्षात ६६, मीटरवर ५००० किलोमीटर म्हणजे गाडी ५५०० च्या आसपास चाललीय, ऑइल बदली त्या हिशोबाने लवकर करा आणि स्पीड कॅमेऱ्यासमोर पण तेच लक्षात ठेवा. ३१ इंचीला हा फरक अठरा टक्क्यांवर जातो, तिथे मग डिफचे किंवा ट्रान्सफर केसचे गिअर बदलल्याशिवाय गाडी ओढतच नाही, आणि मी ३१ काढून टाकायचं दुसरं कारण हे होतं.

चालवताना दोन सवयी बदलाव्या लागतात. स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना फोर लोमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या हळू गिअरमध्ये) जोरात ॲक्सिलरेटर द्यायचा नाही, पुढच्या एक्सलच्या टोकाला चाक वळूनही फिरवणारा जो सीव्ही जॉइंट आहे तो त्या कोनात सगळ्यात कमजोर असतो आणि मोठ्या टायरची पकड त्याला मोडते. आधी कटकट आवाज येतो, तेव्हाच पाय काढा, चाक सरळ करा, मागे या. दुसरं, ओल्या डांबरीवर मड टायर साध्या टायरपेक्षा उशिरा थांबतो, मोठे ठोकळे आणि बारीक चिरा नाहीत त्यामुळे पाण्याचा पातळ थर कापला जात नाही. पहिल्या पावसात घाटात रस्त्यावर तेल-माती वर आलेली असते तेव्हा तर अजिबात घाई नको, पुढच्या गाडीशी नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवा.

जिम्नीवाले पण विचारतात म्हणून दोन ओळी. २०२३ ला आलेल्या पाच दारांच्या जिम्नीला मुळातच १९५/८० आर १५ आहे, व्यास ६९३, म्हणजे जिप्सीपेक्षा आधीच उंच. तिथे २१५/७५ टाकला तर जेमतेम दीड टक्का फरक, त्रास नाही. २३५/७५ टाकला तर पावणेसहा टक्के, आणि गेरूचं काम तिथे पण करावंच लागतं. वॉरंटीचा विचार आधी करा.

सोबतच्या सामानात एक बदल, गाडीसोबतचा जॅक आता उंचीला पुरत नाही. एक फूट बाय एक फूट जाड लाकडी फळी आणि एक ठोकळा कायम मागे ठेवा, फळी चिखलात जॅक बुडू नये म्हणून आणि ठोकळा उंचीसाठी. आणि घरीच अंगणात एकदा पंक्चर झालंय असं समजून चाक काढून स्टेपनी लावून बघा, नव्या नटांना पाना नीट बसतो की नाही ते तिथेच कळतं, मला माझा पाना नव्या रिमच्या खोलगट होलमध्ये जात नाही हे अंगणातच कळलं आणि दुसऱ्या दिवशी लांब सॉकेट आणला.

बसवल्यावर पन्नास किलोमीटरला नट परत टॉर्क पान्याने आवळा, मग शंभरला परत, रंगवलेल्या नव्या रिमचा रंग दबून नट सैल होतात. पाटे एक्सलला बांधणारे यू बोल्ट पण, पाटे नवे असतील तर पाचशे किलोमीटरला एकदा नक्की. आणि चिखलातून आलात की गाडी धुताना फक्त वरून पाणी मारू नका, चाकाच्या आतल्या बाजूने रिममध्ये अडकलेली माती हाताने काढा, ती वाळली की बॅलन्सिंग बिघडून स्टिअरिंग थरथरतं आणि लोक विनाकारण बेअरिंग बदलतात. हात आत गेलाच आहे तर होस पाइपवरून एकदा बोट फिरवून घ्या, रबर गुळगुळीत लागलं तर ठीक, कुठे खरखरीत लागलं तर गाडी तिथेच ठेवा आणि पाइप बदला.